बिबट्याचं सासर आणि बाळंतिणीचा पावसाळा: नलिनी सिंगच्या 19 पुस्तकांचा अभिप्राय

आधीच सांगते, हा अभिप्राय एका पुस्तकाचा नाही, एका बाईच्या अख्ख्या दुकानाचा आहे. बाईचं नाव नलिनी सिंग, मुक्काम न्यूझीलंड, माल पॅरानॉर्मल रोमान्स. म्हणजे प्रेमकथाच, फक्त नायक अधूनमधून बिबट्या होतो. मे ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत मी तिची 19 पुस्तकं वाचली. त्याआधी 34 वर्षं पोस्टाच्या बचत बँकेच्या काउंटरवर बसून लोकांची पासबुकं भरली, त्यामुळे नोंदी ठेवायची खोड आहे. कुठलं पुस्तक कधी घेतलं, कधी संपवलं, कुठे कंटाळा आला, सगळं लेकीच्या एका जुन्या डायरीत मागल्या बाजूने लिहिलेलं आहे. ती डायरी समोर ठेवूनच हे लिहितेय.

ऑकलंडला गेले होते लेकीच्या बाळंतपणाला. तिकडे जून-जुलैत हिवाळा आणि हिवाळा म्हणजे पाऊस. आमच्या कराडला पाऊस येतो, धुमाकूळ घालतो, जातो. तिकडचा पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, भाडेकरूसारखा राहतो. डिंकाचे लाडू झाले, बाळाच्या टोपड्या झाल्या, कराडहून नेलेली चार मराठी पुस्तकं पंधरा दिवसांत संपली. बाळ झोपलं की घरात फक्त हीट पंपाची घरघर. जावई म्हणाले, "आई, टीव्ही लावा." टीव्हीवर घर विकणारी आणि घर विकत घेणारी माणसं. किती बघायची?

मग लेकीने तिचं लायब्ररीचं कार्ड दिलं. आमच्या घरापासून चालत माउंट रॉस्किलची लायब्ररी. ऑकलंडच्या लायब्रऱ्यांनी 2021 पासून उशिराचा दंडच बंद केलाय, हे कळल्यावर माझ्यातली पोस्टाची बाई चरकली. दंड नाही तर लोक पुस्तकं परत कशाला आणतील? आणतात मात्र.

पुस्तक मी आडनाव बघून उचललं. नलिनी सिंग. वाटलं, आपल्याकडचीच कुणी बाई असेल, घर सोडल्याचं दुःख आणि आईच्या हातच्या आमटीचा वास असं काहीतरी लिहीत असेल. परदेशातल्या आपल्या बायकांनी बहुतेक तेच लिहायचं असा एक दंडक आहे ना. घरी येऊन उघडलं तर पहिल्या पंधरा पानांत एक माणूस हात न लावता वस्तू हलवतोय, मनानेच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचतोय आणि सगळं जग त्याला टरकून आहे. आमटी कुठेच नाही.

ही माझी पहिली चूक. ते पुस्तक होतं 'हार्ट ऑफ ऑब्सिडियन', 2013 सालचं, 'साय-चेंजलिंग' नावाच्या मालिकेतलं 12 वं. मागच्या पुस्तकांत ज्या एका माणसाची ओळख लपवून ठेवली होती, तीच यात उघड होते. पुस्तक यायच्या वेळी मागच्या कव्हरवरच्या मजकुरातसुद्धा नायकाचं नाव दिलं नव्हतं म्हणे. आणि मी सरळ तिथूनच घुसले! म्हणजे वर्षानुवर्षं लोकांनी जीव टांगून ज्याची वाट पाहिली ते मी डाळ शिजेपर्यंत वाचून मोकळी झाले, आणि वर डायरीत नोंद, "नायक बरा आहे, पण ह्याचं एवढं काय?" तुम्ही हे करू नका. नाव मी इथे सांगणार नाही, आणि क्रमाने वाचल्याशिवाय कुणी सांगायला लागलं तर कानात बोटं घाला.

दुसऱ्या दिवशी परत जाऊन 1 नंबरचं आणलं, 'स्लेव्ह टू सेन्सेशन', 2006. नाव आणि कव्हर दोन्ही असं की मी त्याला लेकीच्या ओट्यावरच्या सुपरमार्केटच्या जाहिरातीचं कव्हर घातलं. जावई घरून काम करतात, स्वयंपाकघरात चहाला येतात, त्यांच्यासमोर उघड्या छातीचा पुरुष कशाला?

आता या पहिल्या पुस्तकाबद्दल जरा सावकाश बोलते, कारण बाईचं सगळं दुकान याच पायावर उभं आहे.

साल 2079. जगात तीन जातीची माणसं. साधी माणसं, म्हणजे आपण. चेंजलिंग, म्हणजे बिबटे, लांडगे वगैरे होणारी. आणि साय, ज्यांची मनं प्रचंड ताकदीची. या साय लोकांमध्ये पूर्वी वेड आणि खून फार वाढले, म्हणून त्यांनी 1979 साली एक कायदा लागू केला. नाव, सायलेन्स. मूल जन्मल्यापासून त्याला असं वळण लावायचं की त्याला राग येणार नाही, आणि रागाबरोबर मायाही येणार नाही, हसू नाही, रडू नाही. हिंसा संपवायची तर भावनाच उपटून टाका, असा सरळ हिशेब. जो मोडेल त्याचं 'पुनर्वसन', म्हणजे मेंदू कोरा करून टाकायचा. आणि पळून जायची सोय नाही, कारण सगळ्या साय लोकांची मनं एका अदृश्य जाळ्याला जोडलेली, सायनेट म्हणतात त्याला. जाळ्यातून तुटलं की काही मिनिटांत मरण.

1979 वाचून मी थांबले आणि मोठ्याने हसले. आमच्या सासरी हा कायदा त्याच्याही आधीपासून लागू असावा. मी 1986 ला सून म्हणून गेले तेव्हा तो चांगला मुरलेला होता. सासरे वारले तेव्हा आमच्या ह्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी पाटबंधारे खात्याच्या हपिसात हजर. बदली झाली, बढती हुकली, मुलगी विमानात बसून सातासमुद्रापार गेली, प्रत्येक वेळी एकच वाक्य, "बरं." लोक म्हणायचे, काय शांत स्वभाव आहे! मीही म्हणायचे.

तर या सगळ्या थंडगार लोकांत एक मुलगी आहे, सास्चा डंकन. आई त्यांच्या सर्वोच्च मंडळावर, निकिता डंकन, बर्फाची लादी. सास्चाला मात्र भावना येतात. तिला वाटतं आपल्याला वेड लागत चाललंय, आणि ते कुणाला कळू नये म्हणून ती चोवीस तास चेहऱ्याला इस्त्री मारून वावरते. तिचं काम पडतं लुकास हंटरशी. हा सॅन फ्रान्सिस्कोकडच्या बिबट्यांच्या कळपाचा म्होरक्या, तोंडावर पंजाच्या चार वणांचे डाग. निमित्त काय, तर घरबांधणीचा व्यवहार! बिबटे बिल्डर आहेत. मला हे फार आवडलं. एरवी अशा गोष्टींत नायक-नायिका वादळात किंवा किल्ल्यात भेटतात, इथे प्लॅन आणि जमिनीच्या मीटिंगमध्ये भेटतात. लुकासला खरं तर एका खुन्याचा माग काढायचाय. तो खुनी चेंजलिंग बायकांना मारतोय, आणि साय मंडळ म्हणतंय आमच्यात हिंसाच नाही तर खुनी कुठून येणार? कागदोपत्री जे नाही ते अस्तित्वातच नाही, हा युक्तिवाद सरकारी नोकरीत मी इतक्यांदा ऐकलाय की मला ते पुस्तक अद्भुत वाटेनासंच झालं.

नोंदवहीत या पुस्तकापुढे लिहिलंय, "रात्री 2 पर्यंत. पाठ धरली."

बाळंतपणाच्या पाचव्या-सहाव्या दिवशी लेक कारण नसताना रडत होती. बाळ ठीक, टाके ठीक, दूध येत होतं, आणि ही पोर धारा लावून बसलेली. मी सवयीने म्हणून गेले, "रडू नकोस, दूध आटतं." माझी आई मला हेच म्हणाली होती. पुढे सास्चाचं वाचताना ते वाक्य मला आठवलं, आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ खिडकीतून समोरच्या बंगलीच्या पन्हाळीतून पडणारं पाणी बघत बसले. त्यानंतर ती रडली की मी नुसतीच शेजारी बसायचे, पाय चेपत.

दुपारी अडीच वाजता, म्हणजे कराडला सकाळी आठला, ह्यांचा फोन यायचा. "पाऊस?" "आहे." "बाळ?" "बरं आहे." "बरं." मग दोघंही गप्प. पैसे लागत नाहीत म्हणून फोन ठेवायचीही घाई नाही. त्या शांततेला कंटाळून मी एक दिवस त्यांना गोष्टच सांगायला लागले. सत्तरीच्या निवृत्त शाखा अभियंत्याला बिबट्याची प्रेमकथा! ते हूं हूं करत राहिले. चार दिवसांनी स्वतःहून विचारलं, "त्या जाळ्यातनं बाहेर पडली तर ती पोर जगली कशी?" उत्तर मी त्यांना दिलं. तुम्हाला देणार नाही, ते पुस्तकाचं कुलूप आहे.

आता बाईच्या कारकिर्दीकडे येते. जन्म फिजीचा. फिजीतले भारतीय म्हणजे बहुतेक गिरमिटियांचे वंशज. 1879 ते 1916 या काळात 60,000 हून जास्त माणसं उसाच्या मळ्यांसाठी इंग्रजांनी तिकडे करारावर नेली होती. 'ॲग्रीमेंट'चं झालं गिरमिट. नलिनी दहाएक वर्षांची असताना न्यूझीलंडला आली. पुढे काय काय केलं तर वकिली, लायब्ररीत काम, गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात हमाली म्हणावी असं काम, बँकेत हंगामी नोकरी, जपानमध्ये तीन वर्षं राहून इंग्रजी शिकवणं. वकिली सोडून ही पोरगी प्रेमकथा लिहिणार म्हणाली तेव्हा घरी काय झालं असेल कोण जाणे. आमच्याकडे महिनाभर कुणी जेवलं नसतं.

पहिलं पुस्तक 2003 ला, 'डेझर्ट वॉरियर', सिल्हूट डिझायर या मालेत. ही माला म्हणजे बारक्या, दर महिन्याला निघणाऱ्या ठरीव प्रेमकथा. तिथे तिची 2007 पर्यंत सहा पुस्तकं आली. मी एकच वाचलं. वाळवंटातला शेख, एकदा त्याला सोडून गेलेली नायिका, लग्न आधी नि मनं जुळणं मागाहून. आमच्या पिढीला त्यात नवल ते काय? सोडून दिलं तरी चालेल. पण ही तिची उमेदवारीची वर्षं. ठरलेल्या पानांत दोन माणसांना भेटवायचं, भांडवायचं, जुळवायचं, आणि तारखेला हस्तलिखित द्यायचं. ज्यांनी लहानपणी भाड्याच्या लायब्ररीतून बाबूराव अर्नाळकर आणून वाचलेत त्यांना ही जात माहीत आहे. हजारावर रहस्यकथा लिहिणारा माणूस प्रेरणेची वाट बघत बसत नाही.

मग 2006 ला तिने बाजाराची नाडी पकडली. 'ट्वायलाइट' ही व्हॅम्पायरची, म्हणजे रक्त पिणाऱ्या पिशाचाची, प्रेमकथा आदल्याच वर्षी आली होती, अमेरिकेत व्हॅम्पायरांचं अमाप पीक होतं. हिने व्हॅम्पायर बाजूला ठेवून बिबटे आणि मनकवडे आणले. अमेरिकेत बर्कलेने छापलं, इंग्लंडकडे गोलान्झने. ही गोलान्झ मुळात विज्ञानकथांसाठी नावाजलेली, त्यामुळे जी पुस्तकं एका देशात प्रेमकथांच्या फळीवर बसली ती दुसरीकडे अंतराळयानांशेजारी. दोन्हीकडून गिऱ्हाईक. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या खपाच्या यादीत ती मग नेहमीची झाली.

मला तिचं सगळ्यात कौतुक कशाचं वाटलं तर खतावणीचं. पहिल्या पुस्तकात सास्चाला जे 'वेड' वाटतं ते खरं म्हणजे एक लोपलेली शक्ती आहे, दुसऱ्याचं दुःख ओढून घ्यायची. साय मंडळाने अशा लोकांची नोंदच पुसून टाकलेली. वाचताना वाटतं हा एका नायिकेपुरता खुलासा. पण पुढे सायनेटच सडायला लागतं, आणि 2014 च्या 13 व्या पुस्तकात कळतं की ज्यांना यांनी कुचकामी म्हणून दाबलं तेच ते जाळं धरून होते. आठ वर्षांपूर्वीची ठेव व्याजासकट परत! पोस्टात आम्ही एवढा हिशेब ठेवला तर शाबासकी मिळायची. शंभराच्या वर पात्रं, तीन जाती, कुठलं पोर कुठल्या पुस्तकात जन्मलं, सगळं जुळतं. एका ठिकाणी मला वाटलं की हिची चूक धरली. डायरी काढून मागे तपासलं, तर चूक माझी.

आणि धंद्याची अक्कल पाहा. 15 वं पुस्तक 2016 ला आलं, त्यात पहिल्या फळीची सगळी माणसं मांडवात आणून बसवली. नंतर 2017 ला तेच जग ठेवून 'ट्रिनिटी' म्हणून नवं खातं उघडलं, पुन्हा 1 पासून. नवीन गिऱ्हाईक 16 आकडा बघून पळू नये म्हणून. त्यातलं पहिलं, 'सिल्व्हर सायलेन्स', मॉस्कोचं आहे, आणि त्यात नायक अस्वल आहे. धांदरट, खादाड, मोठ्या कुटुंबाचं अस्वल. 11 पुस्तकं करारी बिबटे आणि लांडगे वाचल्यावर हे अस्वल म्हणजे उपासानंतरचं पिठलं-भात. नायिकेची आजी, इना मर्कंट, हे माझं या सबंध दुकानातलं सर्वात लाडकं माणूस. सायलेन्सच्या काळातही जिने आपली नातवंडं एकमेकांना धरून राहतील असं पाहिलं, प्रेम हा शब्द न उच्चारता. अशा बायका मी पाहिल्यात. त्यांना डोहाळजेवणात पुढे बसवत नाहीत, पण हॉस्पिटलचं बिल कुणी भरलं ते शेवटी त्यांच्याच पाशी निघतं.

दुसरी मालिका 'गिल्ड हंटर', 2009 पासून. इथे देवदूत राज्य करतात, जग दहा बड्या देवदूतांत वाटलेलं, आणि व्हॅम्पायर हे देवदूतच तयार करतात. अमर व्हायचं तर 100 वर्षं चाकरीचा करार. गिरमिटियांच्या मुलखातून आलेल्या बाईला हे सुचावं, यात मला तरी योगायोग वाटला नाही, पण हा माझा तर्क. पळून गेलेल्या व्हॅम्पायरांना पकडून आणणारी एलेना आणि न्यूयॉर्कचा देवदूत राफाएल, ही मुख्य जोडी. रक्त जास्त, हाडं मोडायचे आवाज जास्त. दूध पाजणाऱ्या बाईने वाचू नये असं माझं मत, लेकीने तरी वाचलंच.

यात हिंदुस्थानची देवदूत आहे. नाव नेहा. सापांची आणि विषाची राणी. 2012 च्या 'आर्कएंजल्स स्टॉर्म'मध्ये सगळी गोष्ट तिच्या किल्ल्यात घडते. तिच्या नवऱ्याचा खून होतो, आणि तपासाला येतो जेसन नावाचा काळ्या पंखांचा हेर. तिथे त्याला भेटते महिया, नेहाच्या जुळ्या बहिणीची आणि नेहाच्याच नवऱ्याची मुलगी. म्हणजे मावशीच्या घरात, मावशीच्या अपमानाची जिवंत खूण म्हणून वाढलेली पोर. इथे मात्र बाईने नस पकडली आहे. आश्रित मुलीचं ते जपून चालणं, मान खाली आणि डोकं चालू, हे तिला आतून माहीत असल्यासारखं येतं. तक्रार एवढीच, की हिंदुस्थान म्हटला की किल्ला, राजकन्या आणि साप. आमच्याकडे साप निघाला की सर्पमित्राला फोन करतात आणि तो येईपर्यंत घराबाहेर चपला घालून उभे राहतात. ते कुणी लिहीत नाही.

अद्भुत सोडून तिने इतरही दुकानं मांडली. 2014 पासून काही साध्या प्रेमकथा स्वतःच प्रकाशित केल्या. त्यातलं 'रेबेल हार्ड' (2018) मी तिकडच्या सगळ्या मराठी मैत्रिणींना वाचायला लावलं. ऑकलंडमधली नयना शर्मा, आईबापांची आज्ञाधारक पोर, एका पार्टीत अनोळखी पुरुषाला चुंबन देऊन बसते, आणि दुसऱ्या दिवशी तोच कांदेपोह्यांना दारात हजर! भूत नाही, बिबट्या नाही, पण हा प्रसंग माझ्या मते तिच्या सगळ्या देवदूतांपेक्षा जास्त अंगावर येतो. यातल्या आजीला 'आजी'च म्हणतात. मला क्षणभर वाटलं छपाईत मराठी घुसलं. फिजी हिंदीत वडिलांच्या आईला आजीच म्हणतात, भोजपुरी-अवधीतून आलेला शब्द. सँडरिंगहमच्या वाणसामानाच्या दुकानात एक फिजीयन बाई नातवाला "आजी के पास आओ" म्हणाली तेव्हा मीच वळून पाहिलं होतं.

2019 पासून रहस्यकथाही लिहायला लागली. त्यातली 'क्वाएट इन हर बोन्स' (2021) ऑकलंडच्या कडेच्या वाइटाकेरे जंगलालगतची. आरव रायची आई दहा वर्षांपूर्वी पैसे घेऊन पळाली असं सगळे समजून आहेत, आणि एक दिवस जंगलात तिची गाडी सापडते, ती आतच. हे वाचून झाल्यावर जावई आम्हाला हौसेने त्या बाजूला घेऊन गेले. कौरीच्या झाडांना मुळांचा रोग आलाय म्हणून जंगलात शिरताना बुटांचे तळवे घासून औषधाने धुवावे लागतात. पाय धुऊन आत जायचं, देवळासारखं. आत इतकं दाट नि ओलं की मी म्हटलं, इथे गाडीच काय, अख्खी एसटी लपेल.

आता कुरकुरी. एक, 'मेट' हा प्रकार. बिबट्याला किंवा लांडग्याला एकदा आपली जोडीदारीण कळली की कळली, प्रश्न संपला. लग्नानंतरच्या 38 वर्षांत मला इतकी खात्री एकदाही वाटलेली नाही, आणि ह्यांनाही वाटली नसावी. दोन, हे म्होरके नायक फार हक्क गाजवतात. कुठे चाललीस, कुणाबरोबर चाललीस. सुरुवातीच्या पुस्तकांत हे जास्त आहे, पुढे नायिका त्यांना व्यवस्थित सरळ करतात, पण पहिल्या चार-पाचांत मी पेन्सिलीने समासात "गप रे" लिहायच्या बेतात होते. लायब्ररीचं पुस्तक म्हणून आवरलं. तीन, 'ती' पानं. भरपूर आहेत, सविस्तर आहेत, आणि चौथ्या पुस्तकानंतर सारखीच वाटायला लागतात. मी ती पाहुण्यांच्या फोटोंच्या अल्बमसारखी भरभर उलटते. पहिल्या पुस्तकात निदान अर्धी स्वप्नात आहेत, तेवढीच सभ्यता. चार, कळपातल्या प्रत्येकाचं लग्न लागलंच पाहिजे असा अट्टाहास. एखादा लांडगा एकटा सुखी राहिला असता तर बिघडलं असतं का?

इंग्रजी कसं, हे मला बऱ्याच जणींनी विचारलं. पोस्टाची परिपत्रकं वाचून झालेल्या बाईला जमलं, तुम्हाला जमेल. वाक्यं लहान आहेत. साय लोकांच्या शक्तींची नावं पहिल्या 50 पानांत डोकं उठवतात, तिथे दम धरा. डोळ्यांना त्रास असेल तर ऐकायचीही सोय आहे. साय-चेंजलिंगची पुस्तकं अँजेला डॉवे नावाची बाई वाचते, आवाज खर्जातला, बाळाला मांडीवर घेऊन ऐकता येतो. फक्त कानात यंत्र नीट बसलंय ना ते बघून घ्या. माझं एकदा निसटलं आणि लुकासचं एक वाक्य स्वयंपाकघरभर घुमलं, नेमके जावई चहा गाळत होते. ते काही बोलले नाहीत, गाळणी मात्र बराच वेळ धुतली.

मराठीत हा माल का नाही, असा विचार तिकडे खूपदा आला. भुताखेतांची आपल्याकडे कमतरता नाही. हडळ आहे, मुंजा आहे, वेताळ आहे, कोकणात तर दर पाणंदीला एक वतनदार आहे. पण आपली भुतं माणसाला धरतात, घाबरवतात, फार तर कोंबडं मागतात. मुंजाचं तर दुःखच लग्न न होण्याचं, आणि त्याची प्रेमकथा कुणाला सुचली नाही!

डायरीतला शेवटचा हिशेब असा. साय-चेंजलिंगची 12, ट्रिनिटीची 2, गिल्ड हंटरची 2 आणि वरची सुटी 3. सुरुवात 'स्लेव्ह टू सेन्सेशन'ने करा. पहिली तीन वाचून नाही आवडलं तर सोडा, पुढे आवडायचं नाही. भुतंबितं नकोच असतील तर 'रेबेल हार्ड' घ्या. पाचपैकी चार तारे. एक तारा हक्क गाजवणाऱ्या बिबट्यांनी खाल्ला.

निघायच्या आदल्या दिवशी पुस्तकं परत केली. जाहिरातीचं कव्हर काढायचं राहिलं होतं, काउंटरवरच्या मुलीने ते काढून, घडी घालून, माझ्या हातात दिलं. परत येताना बॅगेचं 23 किलोचं बंधन होतं, तरी लेकीने 1 नंबरचं पुस्तक नवीन विकत घेऊन माझ्या साड्यांत सरकवलं. सध्या ते आमच्या दिवाणावर आहे. दुपारी आडवं झालं की ह्यांच्या छातीवर उघडं पडलेलं असतं, पान 61 वर. गेले तीन आठवडे 61 वरच आहे, पण खूण म्हणून वीजबिल घातलंय.